माळ्याची खोली करायची आहे? पुण्यातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. कोणीतरी झाडू घेऊन माळ्यावर चढलेलं असतं, तिथे जुनी पिंपं, मोडका पाळणा आणि आजोबांची ट्रंक जरा बाजूला सारल्यावर एकदम जागा मोकळी दिसते, आणि मग, 'अहो, इथे एक खोली सहज होईल ना?' मी सिव्हिल इंजिनिअर. बावीस वर्षं पुण्यात दुरुस्तीची आणि वाढीव बांधकामाची कामं करतोय. 'सहज' या शब्दाला उत्तर देऊन घसा बसला, म्हणून हे प्रश्न एकदाचे लिहून काढले. बऱ्याच जणांना माझं उत्तर 'नाही' असं असतं, आणि ते काम सुरू व्हायच्या आधी कळलेलं बरं.

माळा म्हणजे तुम्ही नेमका कोणता माळा धरताय?

पुण्यात या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. फ्लॅटमध्ये बाथरूमवर किंवा स्वयंपाकघरात जो सिमेंटचा फळकुटासारखा लॉफ्ट असतो तो एक. वाड्यात किंवा जुन्या बंगल्यात कौलांच्या नाहीतर पत्र्याच्या छपराखाली जी तिरकी जागा असते ती दुसरी. आणि बंगल्याच्या स्लॅबवर गळतीसाठी पत्र्याची शेड टाकली, तिच्याखाली आयती सावली झाली, ती तिसरी. पहिल्या प्रकारात माणूस राहायला जाऊ शकत नाही. बांधकाम नियमावलीत लॉफ्टची व्याख्याच मुळी सामान ठेवण्यासाठीचा, जास्तीत जास्त १.५ मीटर उंचीचा मधला मजला अशी आहे. पुढचं सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

खोली होईल की नाही हे मला स्वतःला ताडता येईल का?

येईल. टेप, खडू आणि मदतीला एक माणूस, एवढ्यावर अर्ध्या तासात निकाल लागतो. आर्किटेक्टला बोलावण्याआधी हे कराच.

राहत्या खोलीवर तिरकं छप्पर असेल तर आपल्याकडच्या नियमावलीप्रमाणे सरासरी उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट लागते, आणि सगळ्यात कमी जागीही २.१ मीटर, म्हणजे जवळपास सात फूट. लोक आढ्याखाली, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच रेषेखाली, बरोबर मध्यभागी उभे राहतात, हात वर करतात आणि खूश होतात. आढ्याखाली तर सगळ्यांनाच उभं राहता येतं.

एक उदाहरण धरू. घराची रुंदी २० फूट, माळ्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती ४ फूट उंच, छपराचा उतार ३० अंश. मध्यापासून भिंत १० फुटांवर, म्हणजे छप्पर तेवढ्यात पावणेसहा फूट चढतं. आढं आलं ९ फूट ९ इंचांवर. ऐकायला छान वाटतं. आता जमिनीवर खडूने रेघ मारा, जिथे डोक्यावर पुरते सात फूट मिळतात तिथे. मधला फक्त १० फुटांचा पट्टा उरतो. दोन्ही कडांचे पाच-पाच फूट गाद्या नि सुटकेसींना. त्या मधल्या पट्ट्याची सरासरी उंची काढली तर ८ फूट ४ इंच. आठ इंचांनी नापास. शिवाय उकाड्यासाठी आतून उष्णता रोखणारा थर आणि छत करणार, त्यात आणखी चार इंच जातात.

घर ३० फूट रुंद असेल तर याच उताराला आढं बरंच वर जातं आणि गणित बदलतं. म्हणून शेजाऱ्यांचं झालं तर आपलं का नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा घराच्या रुंदीत असतं.

मग छप्पर उचलावंच लागणार?

वरच्या उदाहरणात एखादा फूट उचललं की काम होतं. कौलं उतरवायची, वासे-रिपा तपासायच्या, भिंतीवर काँक्रीटची पट्टी ओतायची आणि त्यावर छप्पर पुन्हा चढवायचं. या पट्टीवर पैसे वाचवू नका. जुन्या विटांच्या भिंतींना वरून एकत्र बांधणारी तीच एक गोष्ट असते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यातल्या जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे.

मात्र छप्पर उचललं की काम दुरुस्तीचं राहत नाही, बांधकामाचं होतं. परवानगी वेगळी, खर्च वेगळा.

फ्लॅटची उंची ११ फूट आहे. मधे एक मजला टाकला तर?

खाली साडेसात फूट सोडले आणि मधल्या मजल्याची जाडी धरली तर वर तीन फूट उरतात. तिथे मांजर राहील. उंच पलंग करून खाली अभ्यासाचं टेबल, हे फर्निचर झालं, ते खुशाल करा.

परवानगी खरंच लागते का? आमच्या गल्लीत सगळ्यांनीच केलंय.

गल्लीत सगळ्यांनी केलंय हे वाक्य पालिकेच्या नोटिशीला उत्तर म्हणून चालत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

वाळवी लागलेला वासा बदलणं, कौलं फेरणं, रंग, वायरिंग ही देखभाल. पण साठवणीच्या जागेची राहती खोली झाली की तिचं क्षेत्रफळ एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत, मोजलं जातं. छप्पर उचललं किंवा बाहेरून जिना काढला तर नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. पुणे पालिका, पिंपरी-चिंचवड आणि पीएमआरडीए (शहराबाहेरच्या भागाचं प्राधिकरण), तिन्हीकडे तीच. त्यामुळे पहिला प्रश्न आर्किटेक्टला हा विचारा: माझ्या प्लॉटवर एफएसआय शिल्लक आहे का? नसेल तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) किंवा टीडीआरचा (दुसऱ्याकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) मार्ग निघतो का, आणि त्याचा हिशेब एका खोलीला परवडतो का.

परवानगीशिवाय केलं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते, आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली मिळकतकराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. शास्तीकर हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. पण खरी अडचण पुढे पंधरा वर्षांनी येते. घर विकायला काढता, घेणाऱ्याच्या बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात धरून खोल्या मोजतो, आणि ही खोली त्यात नसते. तुम्ही खर्च केलेल्या पैशांचा भाव शून्य होतो आणि वर सौदा अडतो.

नदीकाठी निळ्या पूररेषेच्या (पुराच्या पाण्याची आखलेली हद्द) आत घर असेल तर आधी पालिकेत चौकशी, मग बाकीचं.

सर्वात वरचा मजला आमचा. वर सोसायटीचं पत्र्याचं छप्पर आहे. त्याखालची जागा आमचीच ना?

नाही. गच्ची आणि तिच्यावरचं छप्पर सामायिक असतं. अध्यक्ष तुमचे व्याही असले तरी. सर्वसाधारण सभेचा ठराव झाला तरी पालिकेची परवानगी त्यातून सुटत नाही.

आम्ही पेठेतल्या वाड्यात पागडीचे भाडेकरू. माळा आमच्याच ताब्यात आहे.

ताबा आहे, मालकी नाही. घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ते जागा खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं. पुनर्विकासाची वाट बघत बसलेल्या मालकाच्या हातात आपण होऊन ते द्यायचं का, ठरवा. 'मालक तोंडी हो म्हणालेत' हे मला सांगू नका.

वाडा पालिकेच्या वारसा यादीत असेल तर हेरिटेज विभागाचीही परवानगी लागते. दर पावसाळ्याआधी पालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या वाड्याच्या दारावर तशी नोटीस चिकटली असेल तर माळ्याचा विषय तिथेच सोडा.

माळ्याची जमीन कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्या आणि वर फळ्यांची आहे. शंभर वर्षं टिकलीय. वजन पेलेल की.

शंभर वर्षं तिने पापडांचे डबे आणि गणपतीची मखरं पेलली. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला २०० किलोचा भार धरायचा असतो. १० बाय १२ च्या खोलीला हे सव्वादोन टनांच्या घरात जातं. लाकडाचं स्वतःचं वजन आणि कडीपाटावरचा मातीचा थर वेगळा.

साग चांगला असतो, पण तो कुठे सडतो हे माहीत हवं. कडीचा मधला भाग खणखणीत असतो, आणि भिंतीत शिरलेलं टोक, जिथे वर्षानुवर्षं ओल मुरली, तिथे स्क्रू ड्रायव्हर घातला तर लोण्यात घातल्यासारखा जातो. म्हणून प्रत्येक कडीची दोन्ही टोकं तपासायची. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा: टणटणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळी. कडीखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर भुंगा लागलाय. मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी.

दुरुस्ती होते. टोकाला लोखंडी बूट घालतात, कडीच्या दोन्ही अंगांना स्टीलचे चॅनल बोल्ट करतात, किंवा जुनी जमीन तशीच ठेवून भिंतीपासून भिंतीपर्यंत नवे आयबीम टाकतात आणि वजन सगळं त्यांच्यावर घेतात. मला हा शेवटचा प्रकार आवडतो, खालचं कडीपाटाचं छतही दिसायला तसंच राहतं. पण नवे बीम ज्या भिंतींवर बसणार त्या मातीच्या आहेत की चुन्याच्या, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लिहून द्यायचं. सुताराने किंवा फॅब्रिकेटरने नाही, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो बघून तर अजिबात नाही.

आमच्याकडे आरसीसी स्लॅब आहे. मग तर प्रश्नच नाही?

थोडा आहे. ये-जा असलेल्या गच्चीसाठी १५० किलोचा भार धरतात, खोलीसाठी २००. फरक मोठा वाटत नाही, पण त्यावर तुम्ही भिंती बांधणार. साडेचार इंची विटेची भिंत १० फूट उंच असेल तर लांबीच्या प्रत्येक फुटाला सुमारे २०० किलो होते, प्लास्टर सोडून. १२ फुटांच्या एका भिंतीचे अडीच टन स्लॅबच्या मधोमध आले तर खाली दिवाणखान्याच्या छताला तडा जातो, आणि मग तो तडा 'रंगाचा' आहे असं सगळे एकमेकांना सांगत राहतात. मधल्या भिंती हलक्या करा. एएसी ब्लॉक (सच्छिद्र हलक्या काँक्रीटचा) विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो, जिप्सम बोर्ड त्याहून हलका.

एक फायद्याची गोष्ट सांगतो, ती सहसा कोणी सांगत नाही. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर त्याचंच वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतं. वर पक्कं छप्पर आलं की त्या कोब्याची गरज संपते. तो काळजीपूर्वक काढला तर खोलीच्या भाराएवढी जागा स्लॅबवर मोकळी होते. काढायचा म्हणजे छिन्नी-हातोडीने, ब्रेकर लावून स्लॅबला हादरे देऊन नव्हे, आणि तेही इंजिनिअरने हो म्हटल्यावर.

माळ्यावर मधोमध छप्पर पेलणारी तिकोनी लाकडी कैची येते, डोकं आपटतं. आडवी तुळई कापली तर चालेल का?

नाही. हे उत्तर मी ठळक अक्षरात पाटीवर लिहून साइटवर लावतो.

रंगाऱ्याचा शिडीचा घोडा उभा केला की त्याचे दोन पाय फाकू नयेत म्हणून मधे दोरी असते. कैचीची आडवी तुळई म्हणजे ती दोरी. दोन्हीकडचे तिरके वासे भिंतींना बाहेर ढकलत असतात, तुळई त्यांना आत धरून ठेवते. कर्वेनगरातल्या एका बंगल्यात सुताराने चारपैकी दोन कैच्यांच्या तुळया कापल्या, कडा गोल करून पॉलिशही केलं. मला बोलावलं तेव्हा ऑगस्ट होता. पश्चिमेच्या भिंतीला छपराखाली हातभर उंचीवर आडवा तडा गेला होता, त्यात दहा रुपयांचं नाणं उभं बसत होतं. कौलं सरकली होती आणि खाली प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या होत्या. भिंत वरून बाहेर झुकायला लागली होती. आम्ही त्याच संध्याकाळी आत टेकू दिले आणि स्टीलच्या सळया आणून ताण दिला. घरच्यांना वाटत होतं की गळतीमुळे तडा गेलाय. झालं होतं उलटं.

तुळई वर सरकवता येते, तिच्याऐवजी स्टीलची सळई घालता येते, सगळी कैची बदलून पोर्टल फ्रेमही (मधे आडवी तुळई नसलेली चौकट) करता येते. हे सगळं आधी कागदावर, गणित करून, आणि जुनं काढण्याआधी नवं बसवून.

जिना कुठे काढायचा?

या प्रश्नावर निम्म्या खोल्या मरतात. वरची जागा सगळे मोजतात, जिन्याने खालची किती खाल्ली ते कोणी मोजत नाही.

खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत १० फूट असतील तर, पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या आत ठेवायची म्हटल्यावर १७ चढ येतात. १६ पायऱ्या, प्रत्येकी २५० मिलिमीटर रुंद, म्हणजे सरळ जिन्याला १३ फूट लांबी हवी. मधे वळणारा जिना केला तर साडेनऊ बाय सव्वासहा फुटांची खोली जवळजवळ त्यात जाते. शिवाय चढताना शेवटच्या पायऱ्यांवर डोक्यावर छपराचा उतार यायला नको, म्हणून जिना आढ्याच्या दिशेने वर निघायला हवा. कडेला निघाला तर रोज कपाळमोक्ष.

मग लोक गोल लोखंडी जिन्यावर येतात. आम्हीही आलो होतो. नवी पेठेतल्या आमच्या घरी, मी नुकतीच डिग्री घेतलेली, वडिलांना मोठ्या थाटात सांगितलं की गोल जिना पाच फुटांत बसतो. बसला. दुसऱ्या दिवशी गोदरेजचं कपाट वर न्यायचं होतं. हमालांनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी समोरच्या खिडकीचे गज काढून दोराने कपाट चढवलं आणि ते अजून तिथेच आहे, कारण उतरवायला कोणी तयार नाही. पण मला त्याहून जास्त लागलेली गोष्ट वेगळी. आजीच्या गुडघ्यांना तो जिना झेपला नाही. तिच्याच दागिन्यांच्या पैशांतून झालेली ती खोली तिने कधी पाहिली नाही. खालून 'वारा येतो का रे वर?' एवढंच विचारायची.

गोल जिना दुसरा जिना म्हणून ठीक. एकुलता एक म्हणून मी आता काढू देत नाही. आणि आई-बाबांना वर हलवून खालची खोली मुलांना द्यायचा विचार असेल तर तो उलटा करा.

एप्रिल-मेमध्ये वर भट्टी होते. एसी लावला की झालं ना?

एसी शेवटी. आधी थर. पुण्याचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असल्याने रात्री बरीच थंड होते. माळा मात्र दिवसभर गिळलेली उष्णता रात्री दहानंतर तुमच्या अंगावर सोडतो. नुसत्या पत्र्याखाली दीड टनाचा एसी लावला तर तो रात्रभर हाशहुश करतो आणि बिल बघून तुम्ही करता.

क्रम असा: वर कौल किंवा पांढरा, परावर्तन करणारा रंग दिलेला पत्रा. त्याखाली दोन-तीन इंच हवेची पोकळी. ही पोकळी पाखाडीच्या खालच्या टोकाला आणि आढ्याला उघडी हवी, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून नवी शिरते. लोक जाळ्या लावून मग 'धूळ येते' म्हणून त्या बुजवतात आणि सगळ्या खर्चावर पाणी. पोकळीखाली रॉकवूल (दगडी लोकर) किंवा एक्सपीएस फोमचा निदान दोन इंचांचा थर, आणि त्याखाली आतलं छत. चकचकीत फॉइल लावायचं असेल तर त्याची चकाकती बाजू पोकळीकडे हवी. दोन थरांत दाबून बसवलेलं फॉइल काहीच करत नाही, फक्त बिलात दिसतं.

नवीन पत्राच टाकणार असाल तर मधे फोम भरलेलं पफ पॅनेल घ्या. पावसाचा ताशा वाजतो तोही कमी होतो.

आणि पश्चिमेची तिकोनी भिंत विसरू नका. दुपारी तीन ते सहा ऊन तिच्यावर असतं.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. त्याला भोकं पाडणं, करवतीने कापणं, कोरडं घासणं टाळा, त्या धुळीने फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. ओलं करून, अख्खे उतरवायला सांगा.

उजेड-वाऱ्याचं काय?

राष्ट्रीय बांधकाम संहितेत कोरड्या-उष्ण हवेत जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १/१० आणि दमट-उष्ण हवेत १/६ इतकी खिडकी सांगितलीय. पुण्यात मी सहाव्या हिश्श्याच्या जवळ जातो. समोरासमोरच्या तिकोनी भिंतींत एकेक खिडकी काढली तर संध्याकाळचा पश्चिमेचा वारा आरपार जातो, आणि हा वारा म्हणजे पुण्यात राहण्याचं एक मुख्य कारण आहे. काचेची कौलं जुनी युक्ती आहे, स्वस्त आहे, एक-दोन जरूर बसवा, पण पलंगावर नको. मोठी स्कायलाइट लावाल तर उत्तरेच्या उताराला. पेठांमध्ये सामाईक भिंतीत खिडकी पाडता येत नाही, शेजाऱ्यांशी कितीही घरोबा असला तरी.

गळती होणार नाही याची खात्री कशी?

खात्री कोणीच देत नाही, देणाऱ्यापासून सावध. पाणी कौलाच्या मधून क्वचित येतं. ते येतं जोडातून: छप्पर भिंतीला भिडतं तिथून, स्कायलाइटच्या वरच्या कडेतून, पन्हळीतून. साधा हिशेब सांगतो. ६०० चौरस फुटांच्या छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात सुमारे २,८०० लिटर पाणी पन्हळीत येतं. तिला एकच तीन इंची पाइप जोडलेला असेल आणि त्यात गुलमोहराचा पाला अडकलेला असेल, तर पाणी मागे फिरून भिंतीवरून आत. दोन पाइप द्या, चार इंची द्या, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शिडी लावून साफ करा.

वर बाथरूम करता येईल?

खालच्या बाथरूमच्या बरोबर डोक्यावर असेल तर. मैलापाण्याचा पाइप आडवा दूर न्यायला उतार लागतो आणि तो कोणाच्या तरी छतातून जातो. दुसरी अडचण टाकीची. टाकीचं पाणी नळापेक्षा १० फूट वर असेल तर दाब साधारण ०.३ बार मिळतो. बऱ्याच बंगल्यांत टाकी खालच्या बाथरूमच्या स्लॅबवर असते, म्हणजे नव्या शॉवरच्या खाली! प्रेशर पंप लावावा लागतो. टाकी छपराच्या कैचीवर चढवायचा विचार कोणी सुचवला तर लक्षात ठेवा, हजार लिटर म्हणजे एक टन.

विजेचं?

माळ्याला वेगळं सर्किट, वेगळा एमसीबी, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच). लाकडात उघडी वायर नको. एसी आणि गीझर वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. आणि एक खिडकी अशी ठेवा जिची जाळी आतून चावीशिवाय उघडते. जिन्यावर धूर झाला तर वरून बाहेर पडायला तीच.

माळ्यावर रात्री कोणीतरी धावतं. उंदीर असतील?

उंदीर खुडबुडतात. दाणदाण धावणारं बहुधा उदमांजर. पेठांमध्ये, प्रभात रस्त्यावर, जुनी झाडं आणि कौलं आहेत तिथे ती आरामात राहतात. वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, पिंजरा लावू नका, विष तर मुळीच नाही. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. पिल्लं असतील तर ती मोठी होईपर्यंत थांबा, आई स्वतः घेऊन जाते, मग भोकं बुजवा. कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून काढा.

वास्तूप्रमाणे जिना कुठे?

जिथे १३ फूट मिळतील तिथे.

खर्च किती येईल?

चौरस फुटाचा एकच दर सांगणाऱ्याला काम देऊ नका. छपराची दुरुस्ती, जमीन मजबूत करणं, जिना, थर आणि छत, खिडक्या, बाथरूम, वीज, परवानगीची फी: आठ ओळी वेगळ्या मागा. माझ्या अनुभवात पहिल्या तीन ओळींत निम्मे पैसे जातात, आणि त्या फोटोत दिसत नाहीत म्हणून लोक तिथेच काटछाट करतात. नोंदणीकृत कंत्राटदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी धरा. जुन्या घरात कौलं उतरवल्यावर काय निघेल ते देवालाही ठाऊक नसतं, त्यासाठी एक रक्कम बाजूला ठेवा आणि ती सोफ्यावर उडवू नका. गृहसुधारणा कर्जासाठी बँक मंजूर नकाशा मागते.

काम कधी सुरू करावं, आणि तेव्हा घरात राहता येईल का?

नकाशा पावसाळ्यात मंजुरीला टाका, कौलाला हात दिवाळीनंतर लावा. छप्पर एका बाजूने उघडायचं, झाकायचं, मग दुसरी बाजू. होळीला बरेच कामगार गावी जातात, ते पंधरा दिवस वेळापत्रकात आधीच धरा. मृगाच्या आत पन्हळ लागलीच पाहिजे.

राहता येतं, पण धूळ भाताच्या पातेल्यापर्यंत पोचते. ज्या खोलीच्या वर काम चालू आहे तिथे झोपू नका. आणि छपरापेक्षा चार फूट मोठी ताडपत्री पहिल्या दिवसापासून साइटवर असू द्या, दोरासकट, दुकानात नव्हे. एप्रिलमध्ये दुपारी चारला सिंहगडाच्या बाजूने काळं भरून येतं, आणि मग वळीव यायला वीस मिनिटं लागतात.